पेटीतली हवा

१७ जानेवारी २०२० च्या सकाळी नाशिकचं किमान तापमान ६ अंश सेल्सिअस होतं आणि निफाडचं २.४. दोन्ही गावांत अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटरचं. चांदोरी करत रस्ता जवळपास सपाटीनेच जातो, वाटेत ना घाट ना खिंड. शिवाय गोदावरी नाशिकहून निफाडकडे वाहते, म्हणजे निफाड उंचीला नाशिकपेक्षा खालीच. शाळेच्या भूगोलात आपण पाठ केलेलं असतं की किलोमीटरभर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्या हिशेबाने निफाड नाशिकहून कणभर तरी उबदार असायला हवं. पण थंडीची लाट आली की बातमीत निफाडचाच आकडा सगळ्यात खाली असतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरच्या आठवड्यात तर तो १.८ वर गेला होता.

महाबळेश्वरच्या आकड्यांनीही वाचक असाच चक्रावतो. साडेतेराशे मीटरच्या आसपास उंची, थंड हवेचं ठिकाण म्हणून लौकिक, आणि जानेवारीतल्या कडाक्याच्या पहाटे तिथलं किमान तापमान नाशिकपेक्षा चार अंशांनी जास्त! लोक म्हणतात, वेधशाळेचं काहीतरी चुकलंय. वर त्याच पेपरात पान उलटलं की फोटो असतो: वेण्णा तलावाकाठी गवतावर गोठलेलं दव, जीपच्या टपावर पांढरा थर. गावात दहा अंश आणि तलावाकाठी बर्फ, असं कसं?

यात कुणाचंच काही चुकलेलं नसतं. गोंधळ होतो तो ‘नाशिकचं तापमान’ या शब्दांमुळे. नाशिकला असं एकच एक तापमान नसतंच. वेधशाळा जो आकडा जाहीर करते तो एका विशिष्ट जागेवरच्या, विशिष्ट उंचीवरच्या, एका पांढऱ्या पेटीतल्या हवेचा असतो.

ही पेटी मोठी गमतीची आहे. तिचा जनक थॉमस स्टीव्हन्सन हा स्कॉटलंडमधला दीपगृहं बांधणारा अभियंता. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे हे वडील. १८६४ साली त्यांनी तिचा आराखडा मांडला आणि आजही जगभरच्या वेधशाळांत तिचीच भावंडं उभी आहेत. लाकडी पेटी, चारही बाजूंना दुहेरी तिरप्या झडपा, वर दुहेरी छत, आत-बाहेर पांढरा रंग, खाली पाय. आपल्याकडे ती जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर असते आणि तिचं दार उत्तरेकडे उघडतं, म्हणजे दार उघडून वाचताना ऊन आत शिरत नाही. आसपास मोकळी, गवताळ जमीन हवी. भिंती आणि झाडं दूर हवीत.

एवढा सोपस्कार कशासाठी? कारण तापमापक हवेचं तापमान सांगत नाही, तो स्वतःचं सांगतो. उन्हात धरला तर काच आणि पारा ऊन पितात आणि सभोवारच्या हवेपेक्षा कितीतरी तापतात. मे महिन्यात पार्किंगमध्ये उभ्या मोटारसायकलच्या सीटला हात लावून कुणी हवेचं तापमान सांगू लागला तर आपण हसू, पण गॅलरीच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगलेला तापमापक नेमकं हेच करत असतो. दुपारभर तापलेली भिंत त्याला मागून शेकते आणि मावळतीचं ऊन पुढून. घरमालक संध्याकाळी सांगतो, आमच्या इथे सत्तेचाळीस होतं! तापमापक खोटं बोलत नाही. त्याचा स्वतःचा जीव खरोखरच सत्तेचाळीस अंशांना तापलेला असतो. गल्लीतली हवा मात्र चाळीस-बेचाळीसची असते. पेटीचं काम एवढंच, की ऊन, पाऊस आणि जमिनीची धग अडवायची आणि वारा तेवढा खेळता ठेवायचा.

आतले तापमापकही नेहमीचे नसतात. किमान तापमानाचा आडवा ठेवलेला असतो, त्यात पाऱ्याऐवजी अल्कोहोल आणि अल्कोहोलात बुडालेली एक बारीक काडी. थंडी वाढली की अल्कोहोल आकसतं आणि काडीला मागे ओढत नेतं. पुन्हा ऊब आली की अल्कोहोल काडीला वळसा घालून पुढे सरकतं, काडी जिथल्या तिथे राहते. रात्रीचा नीचांक असा जपून ठेवला जातो आणि निरीक्षक सकाळी साडेआठला तो वाचतो. कमाल तापमानाच्या नळीत घरातल्या जुन्या तापाच्या तापमापकासारखी चिंचोळी जागा असते, त्यामुळे वर चढलेला पारा आपोआप खाली येत नाही. आपण मात्र फिरायला निघताना सहा वाजता मोबाइल पाहतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरातल्या आकड्याशी ताडून पाहतो. रात्रीचा खरा तळ बहुतेकदा सूर्य उगवता-उगवता किंवा जरा नंतर गाठला जातो, सहाला नव्हे. निम्मी भांडणं इथेच मिटावीत.

आता निफाड. बातमीत येतो तो आकडा कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रातला, आणि हे केंद्र गव्हाचं आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या केंद्रातून निघालेल्या वाणांची नावंच पाहा: त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी. जणू नाशिक-दर्शनाच्या बसची पाटी. गव्हाला थंडी हवीहवीशी असते, थंडीत फुटवे चांगले येतात. तेव्हा गव्हाच्या रानात, गव्हाच्या सोयीने जी पेटी उभी राहिली, तिचा आकडा ऐकून धडधडतं ते द्राक्षवाल्याच्या छातीत. या विरोधाभासाची मला फार मौज वाटते.

कुंदेवाडीची पेटी उघड्या शेतशिवारात आहे, आणि निम्मं उत्तर यातच आहे. दिवसा जमीन ऊन घेते, रात्री तीच उष्णता ती न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने आकाशात सोडते. आकाश निरभ्र असेल, हवा कोरडी असेल, वारा पडलेला असेल, तर ही उधळपट्टी बेफाम चालते. ढग आणि बाष्प म्हणजे जमिनीवरचं पांघरूण. उत्तरेकडून कोरडे गार वारे येऊन गेले आणि मग दोन रात्री हवा स्तब्ध झाली की नाशिक जिल्ह्याचं पांघरूण पार ओढून घेतलं जातं. जमीन गार होते, तिला टेकलेली हवा गार होते, आणि गार हवा जड असल्यामुळे खालीच साचते. वरची हवा त्या मानाने उबदार राहते. म्हणजे भूगोलातला नियम रात्रीपुरता उलटा: खाली थंड, वर उबदार. हा उलटा थर डोळ्यांनी पाहायचा असेल तर जानेवारीच्या पहाटे एखाद्या वस्तीवरच्या शेकोटीचा धूर पाहावा. तो छपराएवढा चढतो, मग अदृश्य छताला डोकं आपटल्यासारखा आडवा पसरतो आणि तसाच रानावर तरंगत राहतो.

साचलेली गार हवा पाण्यासारखीच वागते. उतार दिसला की ओघळते, लवणात जाऊन बसते. टेकडीवरची हवा खाली सरकली की तिची जागा वरची उबदार हवा घेते, म्हणून महाबळेश्वरचं पठार रात्री त्या मानाने सुखी आणि वेण्णेचं खोलगट पात्र गारठलेलं. गोदावरीचं खोरंही असंच. नाशिकखाली ते पसरट होत जातं आणि निफाड तालुक्यातच, नांदूर मध्यमेश्वरला, कादवा येऊन गोदावरीला मिळते. ब्रिटिश काळात तिथे बंधारा झाला, पाणथळ तयार झाली, आणि जानेवारी २०२० मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ म्हणून जाहीर झाली. परदेशी बदकांना जे सखल, ओलं, पसरट रान मानवलं, तिकडेच आजूबाजूच्या उंचवट्यांवरची गार हवा रात्री उतरणार, हे ओघानेच आलं.

बाकीचं निम्मं उत्तर नाशिक शहराच्या खिशात आहे. शहर रात्री उष्णता सहजी सोडत नाही. मेन रोडच्या, सराफ बाजाराच्या किंवा भद्रकालीतल्या जुन्या बोळात उभं राहून वर पाहा. दोन वाड्यांमध्ये आकाशाची एक चिरोटी दिसते. जमिनीने सोडलेली उष्णता त्या चिरोटीतून जाईल तेवढीच जाणार, बाकीची समोरच्या भिंतीवर आदळून परत येणार. सिडकोत आणि नव्या वसाहतींत आकाश जरा मोकळं आहे, पण तिथे सिमेंट, डांबर आणि काच आहे, सातपूर-अंबडला कारखाने आहेत. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड नावाच्या हौशी निरीक्षकाने १८१८ ते १८२० या काळात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवलं होतं की शहराच्या रात्री आसपासच्या खेड्यांपेक्षा उबदार असतात. तेव्हा मोटारी नव्हत्या की एसी नव्हते. विटा, धूर आणि दाटी एवढ्यावरही भागलं होतं.

मात्र शहर नेहमीच तापतं असं समजू नये. याच जुन्या बोळांत एप्रिलच्या भर दुपारी, ऊन तळापर्यंत पोहोचत नसल्याने, उघड्या शिवारापेक्षा गार असतं. आपल्या पूर्वजांनी अरुंद बोळ हवामानशास्त्र शिकून बांधले नव्हते, पण दुपारी बारा वाजता सराफ बाजारातून गोदाघाटाच्या उघड्या फरशीवर पाऊल टाकलेल्या माणसाला हा फरक आकड्याशिवाय कळतो. गंगापूर रस्त्याने सोमेश्वरच्या पुढे मळ्यांच्या भागात संध्याकाळी दुचाकीवरून जातानाही एका ठरावीक वळणावर असाच गुडघ्यांना गारवा लागतो. तो भास नसतो.

गुडघ्यांना, हे मुद्दाम म्हटलं. कारण जागेइतकंच उंचीला महत्त्व आहे, आणि या बाबतीत जगाला चकवणारा शोध भारतात, पुण्याशी जोडलेल्या एका माणसाने लावला आहे. लक्ष्मीनारायणपुरम अनंतकृष्णन रामदास हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे विद्यार्थी. १९३२ मध्ये पुण्यात भारतीय हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग सुरू झाला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. त्याच वर्षी त्यांनी आणि एस. आत्मनाथन यांनी जाहीर केलं की शांत, निरभ्र रात्री सगळ्यात थंड हवा उघड्या जमिनीला लागून नसते, तर जमिनीपासून वीतभर ते हातभर वर असते. हे पाठ्यपुस्तकाच्या विरुद्ध होतं. जमीनच गार होत असेल तर तिला चिकटलेली हवा सर्वांत गार असणार, यात शंका ती कसली? परदेशी तज्ज्ञांना कितीतरी वर्षं वाटत राहिलं की मोजण्यात काही गफलत झाली असावी. पुढे इतरांनी इतर देशांत मोजलं आणि तोच थर सापडला. आज त्याला ‘रामदास थर’ म्हणतात. तो का तयार होतो याचं गणित मांडायला १९९० चं दशक उजाडलं, आणि ते मांडलं बंगळुरूच्या रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी.

म्हणजे सव्वा मीटरवरची पेटी २.४ सांगत असताना गुडघ्याखालची हवा त्याहून थंड असू शकते. गवताचं पातं तर हवेपेक्षाही गार होतं, कारण ते स्वतः आकाशाकडे उष्णता उधळत असतं. पातळ, हलकं, साठा काहीच नाही. कृषी वेधशाळांत म्हणून गवताच्या शेंड्यांवर, उघड्यावर, आणखी एक तापमापक आडवा ठेवतात. त्याचा आकडा पेटीतल्यापेक्षा काही अंशांनी खाली असतो. दोन-तीन अंश तापमानाला दव कसं गोठलं, या प्रश्नाचं उत्तर हेच. हवा शून्याला पोहोचलेली नव्हती, पातं पोहोचलं होतं.

आता खऱ्याखुऱ्या चुकांबद्दल, कारण त्याही होतात. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. देशभर खळबळ. त्याच दिवशी त्याच शहराच्या परिसरातली दुसरी काही केंद्रं ४४ च्या आसपास होती. हवामान खात्याने उपकरणातला दोष असल्याचं सांगितलं. त्याच्या आदल्याच दिवशी, २९ मे रोजी, दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ दाखवले होते आणि तपासात तिथला संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचं आढळलं. मानवी चुकांचाही इतिहास आहे. लिबियातल्या अझीझियाचा ५८ अंशांचा जागतिक उच्चांक १३ सप्टेंबर १९२२ चा. नव्वद वर्षं तो पुस्तकांत राहिला आणि २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने तो रद्द केला. नवख्या निरीक्षकाने तापमापकाच्या निर्देशकाचं भलतंच टोक वाचलं असावं, असा निष्कर्ष निघाला. शेजाऱ्यांशी मेळ खात नाही तो आकडा बातमीत जाण्याआधी संशयाने पाहावा, एवढं भान पत्रकारांनी ठेवलं तरी पुष्कळ. निफाडचा आकडा या कसोटीला उतरतो. तो वर्षानुवर्षं, त्याच प्रकारच्या रात्री, त्याच दिशेने वेगळा असतो. दोष इतका शिस्तीने वागत नाही.

मोबाइलचा आकडा हे तिसरंच प्रकरण. फोन बाहेरची हवा मोजत नाही. तो जो आकडा दाखवतो तो बहुधा संगणकी प्रारूपातून आलेला असतो, आणि प्रारूपाला जमीन चौकटींची दिसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने घडवलेली, मे २०२५ मध्ये रुजू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत पोहोचली, आणि ही मोठी मजल मानली जाते. जगातली नावाजलेली कितीतरी प्रारूपं याहून ढोबळ आहेत. पण सहा किलोमीटरच्या चौकटीत एखादा ओढा, त्याच्या दोन्ही काठांचे मळे, वरचा माळ आणि माळावरची वस्ती, सगळं एकाच आकड्यात बसवावं लागतं. ‘जाणवणारं तापमान’ म्हणून जो दुसरा आकडा खाली येतो तो तर वारा आणि आर्द्रता मिसळून केलेला हिशेब, कुठल्याच तापमापकात तो दिसणार नाही. मोटारीतल्या पडद्यावरचा आकडा पुढच्या बंपरजवळच्या संवेदकाचा असतो. नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलला दहा मिनिटं अडकलात तर तो डांबराचं आणि पुढच्या ट्रकचं तापमान सांगू लागतो. गाडी पळती झाली की भानावर येतो.

द्राक्षवाल्याला मात्र हा सगळा खेळ परवडत नाही. जानेवारीत मण्यांची फुगवण चाललेली असते किंवा मण्यांत पाणी उतरत असतं. पारा पाच-सहाच्या खाली गेला की वेलीचं काम मंदावतं, फुगवण थांबते. मग दिवसा ऊन आणि रात्री कडाका अशी तफावत वाढली की मणी तडकतात किंवा थॉमसनसारख्या हिरव्या जातीत गुलाबी छटेचे मणी निघतात, ज्यांना बाजार ‘पिंक बेरी’ म्हणून बाजूला काढतो. म्हणून निफाड, दिंडोरीच्या बागांत पहाटे शेकोट्या पेटतात आणि ठिबक सुरू होतं. दोन्ही उपायांत शास्त्र आहे. जमिनीखालून आलेलं पाणी पहाटे हाताला कोमट लागतं, ते सोबत ऊब आणतं, शिवाय ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री हळूहळू देते. धुराबद्दल माझं मत जरा कडू आहे. बागेला ऊब मिळते ती विस्तवाची, धुराची नव्हे. ओला पाला जाळून नुसता धूर केला तर डोळे चुरचुरण्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. कॅलिफोर्नियातले बागायतदार अशा रात्री उंच खांबांवरचे मोठे पंखे फिरवतात. ते वारा घालण्यासाठी नसतात, डोक्यावरच्या उलट्या थरातली उबदार हवा खाली ओढण्यासाठी असतात.

आणि पैशांचाही प्रश्न आहे. हवामान आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती बागेत काय झालं यावर नव्हे, तर महसूल मंडळासाठी नेमलेल्या हवामान केंद्राने काय नोंदलं यावर. बाग लवणात आणि केंद्र गावठाणाजवळ उंचवट्यावर असेल, तर घड गारठतात आणि कागदावर गारठा नसतो. उलटंही घडतं, त्याची तक्रार अर्थातच कुणी करत नाही. यावर केंद्रं वाढवणं हा खरा उपाय. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं मंडळनिहाय उभी राहिली, हे मोठंच काम झालं. पण एका मंडळात अनेक गावं असतात आणि प्रत्येक गावाला दोन-चार लवणं.

ज्याला आपल्या बागेचा आकडा हवा त्याने म्हणूनच आपला तापमापक लावावा, पण पेटीचे नियम पाळून. पांढरा रंग दिलेलं, बाजूंना भोकं पाडलेलं खोकं, वर दुसरं झाकण. भिंतीपासून, पत्र्यापासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब. उंची सव्वा मीटर. दुसरा एक तापमापक घडांच्या उंचीवर मांडवाखाली, आणि जमलंच तर तिसरा बागेच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात. सगळे तापमापक आधी एका बादलीतल्या पाण्यात एकत्र बुडवून पाहावेत. बाजारातून आणलेल्या तिघांचं आपसात एक अंशाने सहज बिनसलेलं असतं, ते आधीच लिहून ठेवावं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजच्या चौकोनात दोनच गोष्टी टिपाव्यात: कुंदेवाडीपेक्षा आपण किती खाली किंवा वर, आणि रात्री आकाश कसं होतं. महिनाभरात चौकोन बोलू लागतात. ‘उणे दीड, निरभ्र’, ‘उणे दोन, निरभ्र, वारा नाही’, ‘उणे दीड’, आणि मध्येच एखाद्या दिवशी ‘शून्य, ढगाळ’.